छोट्या साइटींसाठी खुलं, सोपं लॉगिन : खातं नेमकं कशावर टांगायचं?

चाटीगल्ली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या छोट्या व्यवसायांसाठी आम्ही तिघं मिळून लॉगिनची सेवा उभी करतोय. पहिले ग्राहक ठरलेत: अक्कलकोट रोड एमआयडीसीकडचे चादर-टॉवेलचे तीन होलसेल कॅटलॉग, एक वाचनालय आणि एक क्लास. आज प्रत्येकाची साइट वेगळी, पासवर्ड वेगळा. परगावचा व्यापारी वर्षातून चार-पाच वेळा माल बघायला साइटवर येतो, तोवर पासवर्ड विसरलेला असतो. मग दुकानात फोन येतो आणि मुनीमजी हाताने नवा पासवर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवतात. तो बहुधा दुकानाचं नाव आणि पुढे १२३ असाच असतो.

ओपनआयडी कनेक्ट (एका सेवेच्या ओळखीवर दुसऱ्या साइटीत लॉगिन करायची पद्धत) हे खुलं मानक धरून मधला एक थर करायचा विचार आहे. साइटवाल्याने एक बटण लावायचं. मागे गूगल, मोबाइल ओटीपी आणि पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या कुलपाने उघडणारी डिजिटल किल्ली) आम्ही सांभाळायच्या.

अडलंय ते इथे: माणूस ओळखायचा कशावरून, ईमेल, मोबाइल की आणखी काही? नुसत्या ओटीपीवर भागेल का? सर्व्हर स्वतः लिहावा की तयार घ्यावा? आणि हा प्रश्न एका ग्राहकानेच विचारला: उद्या तुम्ही बंद पडलात तर माझे गिऱ्हाईक आत कसे येणार?

---

सातरस्ता

त्या ग्राहकाचा प्रश्न सगळ्यात आधी घ्या. बाकीच्या तिन्हींची उत्तरं त्यावरूनच ठरतात.

खुल्या ओळखीची वाट बरीच जुनी आहे. २००५ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नल या ब्लॉगसाइटीसाठी ओपनआयडी, म्हणजे ओपनआयडी कनेक्टचा पूर्वज, मांडलं. तुमचा वेबपत्ता हीच तुमची ओळख, एवढी ती कल्पना. साइटवर पत्ता टाकायचा, साइट त्या पानावर जाऊन तुमचा प्रोव्हायडर, म्हणजे ओळख पटवून देणारी सेवा, कोण ते शोधते, तुम्हाला तिकडे धाडते आणि 'हा पत्ता याचाच' असं सहीनिशी कळवून घेते. डिसेंबर २००७ मध्ये २.० आवृत्ती आली. पोर्टलंडच्या जॅनरेन या स्टार्टअपने त्याच्या लायब्ऱ्या लिहिल्या आणि मायओपनआयडी ही सेवा चालवली. २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट सुरू झाली तेव्हा आत जायचा रस्ता ओपनआयडीचाच होता.

सामान्य माणसाला वेबपत्ता टाकून आत शिरायची सवय नव्हती, तिथे पहिली अडचण. म्हणून साइटींनी लोगोंची रांग लावली. मग मागच्या खेपेला कोणतं बटण दाबलं होतं ते आठवेना. चुकीचं दाबलं की नवं, रिकामं खातं तयार, आणि जुनी माहिती गेली कुठे म्हणून तक्रार. तुमच्याकडे बटणं तीनच असली तरी हे होणार. उपाय लहान आहे: 'मागच्या वेळी तुम्ही गूगलने आला होता' एवढं त्या ब्राउझरमध्ये लक्षात ठेवा आणि ते बटण वर, मोठं दाखवा.

दुसरी गोष्ट तुमच्या ग्राहकाच्या प्रश्नाची. मायओपनआयडी १ फेब्रुवारी २०१४ ला बंद झालं. गूगलने जुनं ओपनआयडी २.० हे २० एप्रिल २०१५ ला थांबवलं. मोझिलाची पर्सोना ही लॉगिन सेवा ३० नोव्हेंबर २०१६ ला गेली. तेव्हा कोण तरलं ते बघा. ओपनआयडीत डेलिगेशन नावाची सोय होती. स्वतःच्या डोमेनवरच्या पानात, हेडमध्ये दोन ओळी टाकायच्या: एकीत प्रोव्हायडरचा पत्ता, दुसरीत तिथली आपली ओळख. साइटीला ओळख म्हणून दिसायचं ते तुमचं स्वतःचं डोमेन. प्रोव्हायडर बुडाला तर त्या दोन ओळी बदलायच्या, सगळी खाती जागच्या जागी. ज्यांनी प्रोव्हायडरचाच पत्ता ओळख म्हणून वापरला, त्यांची ओळख प्रोव्हायडरबरोबर गेली.

माझं मत स्पष्ट आहे. ग्राहकाचं डोमेन पुढे ठेवा, तुमचं नाव मागे. टोकनमध्ये (लॉगिन झाल्यावर साइटीला मिळणारी डिजिटल चिठ्ठी) प्रोव्हायडर म्हणून जो पत्ता जातो, म्हणजे इश्यूअर, तो ग्राहकाच्या डोमेनखालचा हवा. 'लॉगिन' नावाचं सबडोमेन करून डीएनएसमध्ये (कोणता पत्ता कोणत्या सर्व्हरकडे जातो त्याची नोंदवही) सी-नेम नोंदीने तुमच्या सर्व्हरकडे वळवा. उद्या तुम्ही नसलात तर तो ते सबडोमेन दुसऱ्या सर्व्हरकडे वळवेल.

---

पूर्वभाग

सातरस्ता यांच्याशी सहमत. आता डेटाबेसचं बघू, कारण चूक तिथेच होते आणि ती दोन वर्षांनी कळते.

ईमेल ही खात्याची किल्ली करू नका. मोबाइलही नाही. वापरकर्त्याचा तुमचा स्वतःचा एक आतला क्रमांक ठेवा, यादृच्छिक आणि कधीही न बदलणारा. दुसरं टेबल 'आत यायचे रस्ते' असं. त्यात रस्त्याचा प्रकार, इश्यूअर आणि सब. सब म्हणजे प्रोव्हायडरने त्या माणसाला दिलेला कायमचा क्रमांक. इश्यूअर आणि सब ही जोडी मिळूनच एक माणूस ठरतो, त्यावर युनिक इंडेक्स लावा, म्हणजे तीच जोडी दोनदा नोंदली जाणार नाही. नुसत्या सबवर लावू नका, दोन प्रोव्हायडरांचा सब योगायोगाने सारखा असू शकतो. सबचा रकाना २५५ अक्षरांचा आणि मजकुराचा ठेवा. गूगलचा सब २१ आकडी दिसतो म्हणून कोणी तो संख्येच्या रकान्यात घालतो, आणि जावास्क्रिप्टमध्ये शेवटचे आकडे गोल होऊन दोन वेगळी माणसं एक होतात.

ईमेल का नको? कंपनीतला माणूस नोकरी सोडतो, तोच पत्ता नव्याला मिळतो. त्याहून वाईट म्हणजे कंपनीच बंद पडते, डोमेनची मुदत संपते, दुसरा कोणी ते विकत घेतो आणि जुने पत्ते पुन्हा उभे करतो. ईमेलवरून ओळखणाऱ्या साइटी त्याला दार उघडून देतात. जानेवारी २०२५ मध्ये बंद पडलेल्या स्टार्टअपांच्या डोमेनबाबत नेमका हाच मुद्दा जाहीरपणे मांडला गेला होता.

आणखी एक सापळा. कोणीतरी दुसऱ्याचा ईमेल टाकून, पडताळणी न करता, पासवर्डचं खातं आधीच करून ठेवतो. खरा मालक महिन्याभराने गूगलने येतो. तुमचा कोड म्हणतो ईमेल तोच आहे, जोडा. आता त्या खात्याला दोन दारं झाली आणि एकाची किल्ली परक्याकडे. म्हणून आपोआप जोडणी करायचीच नाही. दोन्ही बाजूंचा ईमेल पडताळलेला असेल तरच 'हे खातं तुमचंच का?' असं विचारा, जुन्या रस्त्याने एकदा लॉगिन करायला लावा आणि मगच जोडा. पडताळणी न झालेलं जुनं खातं असेल तर त्याचा पासवर्ड आणि चालू सेशनं (उघडी असलेली लॉगिनं) आधी उडवा.

नावाबद्दलही सांगतो, आपल्या गावात हे रोज लागतं. पहिलं नाव आणि आडनाव असे दोन सक्तीचे रकाने करू नका. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत घराण्याचं नाव आधी येतं, पुष्कळदा नुसतं आद्याक्षर असतं. गूगलकडून आडनावाचा रकाना रिकामा येतो आणि सक्तीच्या फॉर्मवर लॉगिन तिथेच अडतं. 'पूर्ण नाव' असा एकच रकाना पुरतो.

---

भुईकोट

एक बाळबोध शंका. ओऑथ २.० (एका साइटीवरची माहिती दुसरीला वापरू द्यायची पद्धत) आमच्या कॅटलॉगमध्ये आधीच लावलेलं आहे. ॲक्सेस टोकन मिळालं, त्यावरून प्रोफाइल आणलं, ईमेल मिळाला. मग लॉगिन झालंच की. ओपनआयडी कनेक्ट वेगळं कशाला?

---

सातरस्ता

भुईकोट, प्रश्न बाळबोध नाही, मोठ्या साइटींनीही इथेच ठेच खाल्ली आहे.

ओऑथ २.० ऑक्टोबर २०१२ मध्ये मानक झालं ते परवानगी देण्यासाठी. एखाद्याच्या हाती गोदामाची किल्ली आहे म्हणजे तो गोदामाचा मालक, असं आपण धरत नाही. हमालही असेल, शेजारीही असेल. ॲक्सेस टोकन तसंच आहे. दुसऱ्या एखाद्या ॲपसाठी निघालेलं टोकन कोणी तुमच्या साइटीला दिलं, तर तुम्ही त्यावरून प्रोफाइल आणता, प्रोफाइल खरंच असतं, आणि तुम्ही भलत्यालाच त्या नावाने आत घेता.

ओपनआयडी कनेक्ट २६ फेब्रुवारी २०१४ ला आलं. ते ओऑथच्याच पाठीवर बसवलेलं आहे, फक्त त्यात आयडी टोकन नावाचं सही केलेलं पत्र जास्तीचं मिळतं. त्या पत्रात 'हे कोणासाठी' असा रकाना असतो, ऑडियन्स. तिथे तुमचा क्लायंट आयडी, म्हणजे प्रोव्हायडरने तुमच्या साइटीला दिलेला क्रमांक, नसेल तर पत्र तुमचं नाही, फेकून द्या. ही एक तपासणी गाळली की बाकी सगळं व्यर्थ.

---

पूर्वभाग

तपासण्या पूर्ण सांगून टाकतो.

टोकन आलं की त्याच्या डोक्यावरचा 'किड' बघा, म्हणजे कोणत्या चावीने सही झाली तिचा क्रमांक. प्रोव्हायडरच्या चाव्यांच्या पत्त्यावरून ती चावी घ्या आणि सही तपासा. कोणती सही-पद्धत चालेल ते तुमच्या कोडमध्ये ठरलेलं असू द्या, टोकन सांगेल ती मानू नका. मग इश्यूअर अक्षर न अक्षर जुळतो का, ऑडियन्स आपला का, मुदत उरली आहे का, आणि जाताना पाठवलेला नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायचा यादृच्छिक क्रमांक, तोच परत आला का. स्टेट, म्हणजे हे लॉगिन याच ब्राउझरमधून सुरू झालं याची खूण, तीसुद्धा तशीच जुळायला हवी. पीकेसीई, म्हणजे वाटेत चोरलेला लॉगिन कोड निरुपयोगी करणारी सोय, वेब साइटीलाही लावा, मोबाइल ॲपपुरतं ठेवू नका. त्यातला गुप्त मजकूर, म्हणजे व्हेरिफायर, ४३ ते १२८ अक्षरांचा असतो.

आता बिघाड. चाव्या कोडमध्ये चिकटवल्या तर काही दिवस झकास चालतं, मग प्रोव्हायडर चावी फिरवतो आणि एका सकाळी कोणालाच आत येता येत नाही. चाव्या कॅश करा (तात्पुरत्या जवळ साठवा), अनोळखी किड दिसला की एकदा नव्याने आणा. मात्र दर चुकीच्या टोकनाला आणू नका, नाहीतर कोणीही खोटे किड पाठवून तुमचा सर्व्हर दमवेल.

सेशन कुकीला सेमसाइट (दुसऱ्या साइटीवरून येताना कुकी पाठवायची का ते ठरवणारी खूण) 'स्ट्रिक्ट' लावली तर गूगलकडून परत येताना ती कुकी ब्राउझर पाठवतच नाही. स्टेट सापडत नाही, लॉगिन फसतं, पान पुन्हा उघडलं की सगळं ठीक दिसतं, त्यामुळे कारण लवकर कळत नाही. या कुकीला 'लॅक्स' ठेवा.

आणि घड्याळ. स्वतःच्या कार्यालयात ठेवलेल्या सर्व्हरवर हे हमखास होतं. टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), पण कोणीतरी भिंतीवरचं घड्याळ बघून हाताने भारतीय वेळ बसवतो. सर्व्हर साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद पुढे गेला. गूगलच्या आयडी टोकनाची मुदत ३,६०० सेकंदांची. आलेलं प्रत्येक टोकन 'मुदत संपली' म्हणून परत. इथे मुदतीची तपासणीच बंद करून वेळ मारून नेतात, तसं करू नका. क्रोनी हा प्रोग्राम लावून वेळ एनटीपीवरून (इंटरनेटवरच्या वेळसर्व्हरवरून) घ्या आणि तपासणीत फार तर ६० सेकंदांची सवलत द्या.

---

रंगभवन

ओटीपीवर लिहितो. आपल्याकडे ओटीपी लागणारच, कारण पुष्कळ व्यापारी ईमेल उघडतच नाहीत. पण त्याचा खर्च आणि मर्यादा आधी समजून घ्या.

व्यावसायिक एसएमएस पाठवायला डीएलटी नोंदणी लागते. तीत संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचं दिसणारं नाव) आणि मजकुराचं टेम्प्लेट (ठरलेला साचा), तिन्ही मंजूर व्हावं लागतं. पाठवलेला मजकूर टेम्प्लेटशी तंतोतंत जुळला पाहिजे. बदलत्या जागी काय येईल तेवढंच वेगळं. पूर्णविराम जास्त पडला किंवा दोन शब्दांत मोकळी जागा दोनदा आली, तरी मेसेज वाटेतच गळतो आणि तुमच्या लॉगमध्ये मात्र 'पाठवला' दिसतं. मराठी, तेलुगू, कन्नड असे तीन मजकूर हवे असतील तर तीन टेम्प्लेटं. नोंदणी ग्राहकाच्या नावावर करा. हेडर त्याच्या दुकानाचं दिसलं तर व्यापारी ओळखतो, अनोळखी हेडरचा ओटीपी लोक फसवणूक समजतात.

मराठी मजकुराचा हिशोब वेगळा. इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. त्यापुढे गेलात की मेसेज ६७-६७ च्या तुकड्यांत जातो आणि पैसे दोनचे. मात्रा, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येकी एक अक्षर धरलं जातं. हा मजकूर मोजून बघा:

'आपला ओटीपी ४८२९१३ आहे. तो कोणालाही सांगू नका. हा क्रमांक १० मिनिटे चालेल.'

दिसायला लहान, पण ७३ भरतात. दोन मेसेजचे पैसे. शेवटच्या वाक्यातून 'हा क्रमांक' काढा, ६२ वर येतं, एका मेसेजात बसतं. दर लॉगिनला निम्मा खर्च वाचला.

कोणी मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाकले तर 'चुकीचा ओटीपी' म्हणू नका, सर्व्हरवर ते बदलून घ्या. एका ओळीचं काम आहे आणि आपल्या भाषेत टाइप करणाऱ्या माणसाला परत लावण्यासारखं ते कारण नाही.

सहा आकड्यांत दहा लाख शक्यता. एका ओटीपीला पाच प्रयत्न दिले तर अंदाजाने लागायची शक्यता दोन लाखांत एक. पण चोराला पुन:पुन्हा नवा ओटीपी मागता आला तर हा हिशोब कोसळतो. म्हणून मर्यादा नंबरवर लावा: तासाला पाच, दिवसाला दहा. आयपीवर वेगळी मर्यादा ठेवा, पण ती सैल. मोबाइल कंपन्या एकाच आयपीमागे शेकडो ग्राहक ठेवतात, घट्ट केलीत तर बाजारपेठेतले निम्मे लोक एकदम अडतील. शिवाय ओटीपीच्या फॉर्मवर यंत्राने हजारो नंबर टाकून तुमचं एसएमएसचं शिल्लक एका रात्रीत संपवायचे प्रकार होतात. दिवसाची एकूण कमाल मर्यादा आणि ती ८० टक्क्यांवर गेली की तुम्हाला सूचना, हे पहिल्या दिवसापासून ठेवा.

चाटीगल्ली, नुसत्या ओटीपीवर भागेल का याचं उत्तर: नाही. बंद झालेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. वर्षातून चार वेळा येणाऱ्या व्यापाऱ्याच्या दोन भेटींमध्येच एवढा काळ जातो. ९० दिवसांहून जास्त शांत असलेल्या खात्यावर ओटीपी आला तरी दुसरी एक खूण मागा: जोडलेलं गूगल खातं, पासकी, निदान मागच्या बिलाचा क्रमांक.

---

चाटीगल्ली

रंगभवन, ७३ अक्षरांचं मोजून पाहिलं, बरोबर आहे. आमचं टेम्प्लेट ८८ निघालं. आजच बदलतो.

एक चालू अडचण. इन्स्टाग्रामवरच्या कॅटलॉग लिंकवरून आलेल्या लोकांना गूगल लॉगिनला ४०३ (प्रवेश नाकारला) येतो. क्रोमवरून आलं की चालतं. आणि पहिल्यांदा बसवताना रिडायरेक्ट, म्हणजे लॉगिननंतर परत यायचा पत्ता, जुळत नाही म्हणून ४०० (चुकीची विनंती) येत होता, तो आपोआप गेला. का गेला ते कळलं नाही.

---

सातरस्ता

४०३ सोबत 'डिसअलाउड युजरएजंट' दिसत असेल. ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमधून गूगल लॉगिन करू देत नाही, २०१७ पासून तसंच आहे, आणि ते योग्यच आहे: ॲपला त्या खिडकीत टाकलेला पासवर्ड वाचता येतो. युजरएजंट, म्हणजे ब्राउझर स्वतःचं सांगतो ते नाव, बदलून पळवाट काढू नका. आतला ब्राउझर ओळखा, गूगलचं बटण लपवा, तिथे ओटीपी पुढे करा आणि खाली लिहा: 'गूगलने यायचं असेल तर वरचे तीन ठिपके दाबून ही लिंक क्रोममध्ये उघडा.'

४०० आपोआप गेला नाही. गूगलच्या कन्सोलमधला (ॲपची नोंदणी होते तिथला) बदल लागू व्हायला पाच मिनिटांपासून काही तासांपर्यंत वेळ लागतो, तेवढ्यात लोक उलटसुलट बदल करत बसतात. तिथला पत्ता आणि कोडमधला पत्ता हुबेहूब एक हवा: एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आहे की नाही, शेवटची तिरपी रेघ, सगळं. साइट प्रॉक्सीमागे, म्हणजे मधल्या सर्व्हरमागे, असेल तर कोडला वाटतं आपण साध्या एचटीटीपीवर आहोत आणि तो तसा पत्ता बनवतो. प्रॉक्सीकडून खरा प्रोटोकॉल कळवा किंवा पत्ता कॉन्फिगमध्ये ठामपणे लिहा.

जाता जाता, कन्सोलमध्ये 'टेस्टिंग' सोडून 'प्रॉडक्शन' केलंय ना? टेस्टिंगवर यादीत घातलेल्या १०० लोकांपुरतंच चालतं.

---

होटगीरोड

पासकीवर कोणी लिहिलं नाही अजून. माझ्या मते तुमच्या व्यापाऱ्यांसाठी हाच सगळ्यात चांगला रस्ता आहे: एसएमएसचा खर्च नाही, लक्षात ठेवायचं काही नाही, खोट्या साइटीवर ती चालतच नाही. पासकीमागचं वेबऑथन हे मानक मार्च २०१९ मध्ये ठरलं, आणि मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट तिघांनी एकत्र पासकीची घोषणा केली. अँड्रॉइड ९ आणि आयओएस १६ पासून पुढच्या फोनवर चालते.

पण ती डोमेनला बांधलेली असते, हे कोरून ठेवा. नोंदणीच्या वेळी जे 'आरपी आयडी' (पासकी ज्या साइटीची, तिचं डोमेन) द्याल, त्याच डोमेनवर ती पासकी उघडणार. सातरस्ता यांनी वर सुचवल्याप्रमाणे लॉगिन ग्राहकाच्या सबडोमेनवर ठेवलं, तर आरपी आयडी म्हणून ग्राहकाचं मूळ डोमेन देता येतं. तेच द्या. मग तुमचा सर्व्हर गेला तरी सार्वजनिक चाव्या (पासकीचा सर्व्हरवर राहणारा अर्धा भाग) नव्या सर्व्हरवर नेल्या की पासकी तशाच चालतात. आरपी आयडी तुमच्या कंपनीचं डोमेन ठेवलंत, तर तुमच्याबरोबर सगळ्यांच्या पासकी मेल्या. आणि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सकट देऊ नका, सबडोमेन बदललं की अडकाल.

याची किंमतही सांगितली पाहिजे. असं केलं तर तीन कॅटलॉगवर तीन पासकी करायला लागतात, 'एकदा लॉगिन, सगळीकडे आत' मिळत नाही. माझ्या मते इथे ते नकोच. एकाच रस्त्यावरचे दोन होलसेलर एकमेकांचे स्पर्धक आहेत. एकच ओळख सगळीकडे दिली, तर आपला हैदराबादचा गिऱ्हाईक शेजाऱ्याकडेही जातो हे कोणीही दोन याद्या जुळवून काढेल. ओपनआयडी कनेक्टमध्ये यासाठी पेअरवाइज सब आहे, प्रत्येक साइटीला त्याच माणसाचा वेगळा क्रमांक. तो चालू करा.

दोन बारीक गोष्टी. काही पासकी सही-मोजणी (आजवर किती वेळा सही केली तो आकडा) नेहमी शून्यच सांगतात. जुनी उदाहरणं बघून 'मोजणी वाढली नाही तर नाकारा' असं लिहिलंत तर आयफोनवाले दुसऱ्या लॉगिनलाच अडतील. शून्य आलं तर ती तपासणी सोडा. आणि दुकानात एकच फोन असतो, त्याचा पिन चौघांना ठाऊक असतो. पासकी त्या पिननेच उघडते. म्हणजे चौघंही मालक. प्रत्येकाला पेढीखाली वेगळं खातं द्या, आणि उधारीची मर्यादा वाढवणं, पत्ता बदलणं यासारखी कामं मालकाच्या स्वतःच्या फोनवरच्या खात्यातूनच होऊ द्या.

---

भुईकोट

आणि आधार लावून टाकलं तर? प्रत्येकाकडे आहेच.

---

रंगभवन

नको. आधार पडताळणी कोणत्याही खासगी साइटीला परवानगीशिवाय करता येत नाही, आणि टॉवेलचे भाव बघायला आधार मागणं हे गिऱ्हाइकावर अन्याय करणारं आहे. क्रमांक साठवून ठेवणं तर नकोच. जे साठवलंच नाही ते फुटतही नाही.

क्लासच्या साइटीबद्दल मात्र आजच विचार करा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. अकरावी-बारावीची मुलं त्यात येतात. खातं पालकाच्या नावावर करा, विद्यार्थी त्याखाली. फी भरणारा तोच असल्याने हे जुळतंही.

---

पूर्वभाग

सर्व्हर स्वतः लिहू नका. कीक्लोक हा तयार लॉगिन सर्व्हर घ्या. मुक्त स्रोत आहे, ओपनआयडी कनेक्ट पूर्ण आहे, प्रत्येक ग्राहकासाठी वेगळं रेल्म (स्वतंत्र कप्पा) करता येतं. जावावर चालतं, म्हणून एक जीबीच्या स्वस्त व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) बसवू नका, दोन जीबी तरी द्या, शिवाय पोस्टग्रेस हा डेटाबेस. हायड्रासारखे हलके पर्यायही आहेत, पण त्यात वापरकर्त्यांचा भाग तुम्हालाच लिहावा लागतो. तुमची मेहनत मराठी-तेलुगू-कन्नड पडद्यांवर आणि डीएलटी जोडणीवर घाला, तिथे तयार काही मिळत नाही. काही बदल केलेत तर ओपनआयडी फाउंडेशनचा चाचणी संच चालवून बघा.

होटगीरोड यांच्या मुद्द्याला जोडून एक. गूगलचा प्रोजेक्ट, मायक्रोसॉफ्टची ॲप नोंदणी, ॲपलचं डेव्हलपर खातं, सगळं ग्राहकाच्या नावावर काढा, तुम्ही फक्त व्यवस्थापक. मायक्रोसॉफ्टचा सब ॲपनुसार वेगळा असतो, ॲपलचा डेव्हलपर टीमनुसार. तुमच्या नावावर असेल आणि तुम्ही गेलात, तर नव्या नोंदणीत त्याच माणसाचा सब वेगळा येईल आणि जुनं खातं सापडणार नाही.

दर महिन्याला ग्राहकाला एक कुलूपबंद फाइल द्या. त्यात आतला क्रमांक, इश्यूअर-सबच्या जोड्या, ईमेल आणि मोबाइल कोणत्या तारखेला पडताळले ते, पासकीचे क्रेडेन्शियल आयडी, सार्वजनिक चाव्या, आरपी आयडी. पेअरवाइज सब ज्या गुप्त मिठावरून (सर्व्हरवरचा गुप्त मजकूर) बनतो ते मीठही द्या. ते विसरलात तर सगळे सब नव्याने बनतील. फाइल देऊन थांबू नका. ती कोऱ्या सर्व्हरवर चढवा, चाचणीच्या डोमेनवर सबडोमेन तिकडे वळवा आणि पाच जणांना पाच रस्त्यांनी आत यायला सांगा. करार करतानाच हे दाखवलंत तर त्या ग्राहकाचा प्रश्न मिटेल.

गूगलने २०१५ मध्ये जुनी पद्धत थांबवताना काही काळ नव्या टोकनमध्ये जुनी ओळखही पाठवली होती, म्हणजे साइटींना दोन्ही जोडून घेता यावीत. तसा काळ तुमच्या करारात लिहा. मी ९० दिवस धरेन.

---

चाटीगल्ली

खूप उपयोगी माहिती. इश्यूअर आणि आरपी आयडी ग्राहकाच्या डोमेनवर, नोंदण्या त्याच्या नावावर, कीक्लोक, पेअरवाइज. हे ठरलं. करारात ९० दिवसही घालतो.

एक उरलं. फोन हरवला, सिमही गेलं, गूगल कधी जोडलंच नव्हतं. मग व्यापारी दुकानातच फोन करणार आणि मुनीमजी नंबर बदलून देणार. तिथे आपण काहीच करू शकत नाही का?

---

होटगीरोड

करू शकता. फसवणूक नेमकी त्या फोनवरच होते, म्हणून तो पडदा सगळ्यात काळजीने बनवा.

मुनीमजींच्या पडद्यावर 'नंबर बदला' असं थेट बटण देऊच नका. 'बदलाची विनंती नोंदवा' एवढंच द्या. ज्या नंबरवरून फोन आला त्यावर विश्वास ठेवायचा नाही. पेढीच्या जुन्या बिलावर किंवा जीएसटी नोंदीत जो नंबर आहे, त्यावर आपण उलट फोन करायचा आणि कोणत्या नंबरवर, किती वाजता केला ते विनंतीत लिहायचं. तो रकाना रिकामा असेल तर विनंती पुढे सरकायला नको. मग २४ तास थांबायचं. त्या वेळात जुन्या नंबरवर आणि ईमेलवर 'तुमचा नंबर बदलण्याची विनंती आली आहे, तुम्ही केली नसेल तर इथे थांबवा' असा मेसेज. सिम खरंच हरवलं असेल तर तो मेसेज कोणी वाचणार नाही, काही बिघडत नाही. पण खरा मालक दुकानात बसलेला असेल तर त्याला कळतं.

बदल झाल्यावर जुनी सेशनं सगळी बंद. पहिले सात दिवस माल पाठवायचा पत्ता बदलता येणार नाही, ऑर्डर जुन्याच पत्त्यावर जाईल. चोराला खात्यात शिरून उपयोग असतो तो गाठोडं आपल्याकडे वळवण्यात, तेवढं अडवलं की बाकी निस्तरता येतं.

नोंदणीच्या दिवशीच आठ-दहा राखीव कोड छापून द्या, प्रत्येक एकदाच चालणारा, सर्व्हरवर हॅश करून, म्हणजे मूळ कोड वाचता येणार नाही असा, ठेवलेला. व्यापारी तो कागद चेकबुकाबरोबर ठेवतात. पडद्यावर दाखवून 'स्क्रीनशॉट घ्या' म्हणालात तर तो स्क्रीनशॉट त्याच फोनबरोबर हरवतो, म्हणून छापील प्रतच द्या, पहिल्या मालाच्या बिलासोबत बंद पाकिटात.